गुंठा फळ्यावर मावत नाही, क्षेत्रफळाचा तास मैदानात कसा घ्यायचा

पाचवी-सहावीला क्षेत्रफळ शिकवताना लांबी गुणिले रुंदी पोरं दोन दिवसात पाठ करतात आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की एक चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटिमीटर, तर अख्खा वर्ग एका सुरात "शंभर!" आपण 10,000 सांगतो, ती वहीत लिहून घेतात, पटलेलं कोणालाच नसतं. मी सिंधुदुर्गात दोन शिक्षकी शाळेवर आहे, आमच्याकडे पोरांच्या घरात मीटर-बिटर कोणी बोलत नाही, बोलतात ते गुंठ्यात. मग म्हटलं तिथूनच सुरू करू.

आदल्या दिवशी फक्त एक प्रश्न टाकून सोडायचा. आपलं मैदान किती गुंठे असेल? उत्तर सांगायचं नाही, हसायचंही नाही, प्रत्येकाचा अंदाज नावासकट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा आणि पुसायचा नाही. आमच्याकडे अर्ध्यापासून चाळीसपर्यंत अंदाज आले, घरी जाऊन आजोबांना विचारून आलेले वेगळेच. खरं सांगते, सगळी मजा या अंदाजात आहे, कारण एकदा आपलं नाव आकड्यासमोर लागलं की मोजायला पोरगं स्वतःहून पळतं.

दुसऱ्या दिवशी सुतळी, मोजपट्टी, चार खुंट्या आणि फक्की घेऊन बाहेर. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, असे 40 झाले की एकर. आता इथे मी पहिल्या वर्षी माती खाल्ली, चारही बाजू नीट 33 फूट मोजल्या, फक्की मारली, आणि एक पोरगा लांबून बघून म्हणतो, "बाई, गुंठो वाकडो झालो." झालाच होता, चौरसाचा पतंग झालेला. तर बाजू मोजून थांबू नका, कर्णही मोजा, दोन्ही कर्ण 46 फूट 8 इंचाच्या आसपास आले पाहिजेत. पण आता मी दरवर्षी मुद्दाम आधी वाकडाच आखते आणि विचारते की बाजू तर चारही तेवढ्याच, मग जागा तेवढीच का? यावर जे भांडण होतं ना, गडग्यावरून भावकीत होतं तसं. शेवटी वाकड्यात जागा कमी भरते हे पोरंच फक्कीच्या चौकटी पाडून दाखवतात.

मग त्याच कोपऱ्यापासून 10 मीटर बाय 10 मीटर आखायचं, तो झाला एक आर. दोन्ही रेघा इतक्या जवळ येतात की पोरं म्हणतात बाई तुमचं चुकलं. नाही चुकलं, 33 फूट म्हणजे 10 मीटर आणि वर जेमतेम सहा सेंटिमीटर, म्हणून व्यवहारात गुंठा आणि आर लोक एकच धरतात. आता सातबारा काढा. मुलांच्या घरचा अजिबात मागवू नका, कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची ही लांबलचक रांग असते आणि त्यातून घरची प्रकरणं वर्गात येतात, मी स्वतःच्या घरचा नेते आणि नावांवर कागद चिकटवते. त्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, ते वाचून याचे गुंठे किती होतील सांगा म्हटलं की सगळी डोकी एका कागदावर. हापूसची कलमं 10 मीटर अंतराने लावतात, म्हणजे एका कलमाला एक आर, मग हेक्टरी किती? 100. हे मी कधीच सांगत नाही, बागेत जाणारं एखादं पोर सांगतंच.

चौरस सेंटिमीटरचं भांडण वर्गात मिटवा. जुने पेपर खळीने चिकटवून एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा करायचा, त्यावर 10 सेंटिमीटरच्या चौकटी पाडल्या की 100 चौकटी, आणि एकेका चौकटीत 100 चौरस सेंटिमीटर. मग त्या पेपरवर किती जण उभे राहतात बघा, आमची चौथीची नऊ राहिली, दहावा पडला.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत करा, पावसाळ्यात आमच्याकडे फक्की टिकत नाही आणि मैदानच दिसत नाही. पावसाळ्यात मी शेकडेवारी घेते, एसटीच्या तिकिटावर. आजी 76 वर्षांची, आई, बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी एसटीने निघाले, चौघांची मिळून पूर्ण तिकिटं किती? आजीला माफ, आईला महिला म्हणून निम्मं, मुलगी बारा वर्षांच्या आतली म्हणून निम्मं, बाबांचं पूर्ण. दोनच! मग बाबांना घरी ठेवलं तर, आजोबा 68 चे असतील तर, असे प्रश्न पोरंच एकमेकांना घालतात आणि बहुतेक गणितांत बिचाऱ्या बाबांनाच भुर्दंड.

बाकी किरकोळ. नेहमीची दोन हुशार पोरंच बोलत असतील तर आइस्क्रीमच्या काड्यांवर सगळ्यांची नावं लिहून डब्यात टाका, पण आधी प्रश्न विचारा, थोडं थांबा आणि मगच काडी काढा, उलटं केलंत तर नाव न आलेले सगळे सुटले म्हणून निवांत बसतात. आणि फळ्यावर रोज एक चूक मुद्दाम करायची, सापडेल त्याने लाल खडूने गोल करायचा. यात एक धोका आहे, आपण खरीखुरी चूक केली तरी "ही मुद्दाम केली होती" म्हणायची सवय लागते, मला लागलीय, आणि सहावीच्या पोरींना ते कळलंय.