पुएर्तो व्हिएहोचे किनारे: आधी लाटा बघा, मग ठिकाण ठरवा

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन बाजूला, पनामाच्या सीमेपासून जवळच, तालामान्काचा किनारा आहे. तिथलं पुएर्तो व्हिएहो हे गाव तासाभरात पायी पालथं घालता येईल एवढंच. पण गावातून आग्नेयेला मान्सानियोपर्यंत जाणारा सुमारे 13 किलोमीटरचा रस्ता धरला की डाव्या हाताला एकामागून एक किनारे लागतात आणि उजवीकडे जंगल सुटत नाही. बहुतेक जण हे किनारे अंतराच्या क्रमाने पाहतात: पहिल्या दिवशी जवळचा, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा. इथे हा हिशेब चालत नाही. ज्या दिवशी कोक्लेसला पुरुषभर उंचीच्या लाटा फुटत असतात, त्याच दिवशी सहा किलोमीटर पुढे पुंता उवाला लहान मुलं निवांत डुंबत असतात. म्हणून रोज सकाळी समुद्र बघायचा आणि मगच ठिकाण ठरवायचं.

कोकणातल्या माणसाची एक सवय इथे उपयोगी पडत नाही. आपण किनाऱ्यावर जाताना आधी भरती-ओहोटीची वेळ विचारतो, आणि ते बरोबरच आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. इथे भरती आणि ओहोटीतला फरक जेमतेम फूटभराचा. पाणी दिवसभर जवळपास तिथेच असतं, त्यामुळे भरतीच्या तक्त्यावरून धोक्याचा अंदाज येत नाही. धोका ठरतो तो लांबून येणाऱ्या लाटांवर आणि वाऱ्यावर. डिसेंबर ते मार्च लाटा मोठ्या असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला समुद्र सगळ्यात शांत.

कधी जायचं, तेही त्यावरूनच ठरतं. कोस्टा रिकाच्या पर्यटनाचा सर्वसाधारण सल्ला पॅसिफिक बाजू डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो: डिसेंबर ते एप्रिल कोरडे, बाकी पावसाळा. कॅरिबियन बाजूला तसा सरळ कोरडा हंगाम नाहीच. पाऊस वर्षभर कधीही येतो. जुलै आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जोर जास्त, फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडी उसंत. पॅसिफिकला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धो धो पडत असतो, तेव्हा इथे आकाश मोकळं आणि पाणी काचेसारखं असतं. पोहणं आणि स्नॉर्केलिंग (चष्मा आणि श्वासाची नळी लावून पाण्याखालचं बघणं) हाच हेतू असेल तर हे दोन महिने धरा. सर्फिंग बघायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी.

किनारा वाचायचा कसा

कोक्लेस गावापासून सुमारे दोन किलोमीटरवर. लांबलचक, उघडी पुळण, सर्फिंगच्या शाळा, हंगामात जीवरक्षक. इथली रिप करंटची ओढ या भागात कुप्रसिद्ध आहे. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं वाळूच्या उंचवट्यावर उभं राहून नुसतं बघा. लाटा फुटताना पांढऱ्या फेसाचे पट्टे दिसतात. त्या दोन पट्ट्यांच्या मधे एखादी जागा अशी असते की तिथे लाट फुटतच नाही. पाणी जरा गडद, वर थोडी चुळबुळ, आणि फेस किंवा गढूळ वाळू किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी बाहेर चाललेली. तीच रिप. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट वाटेने परत जातं, म्हणून तिथे लाट फुटत नाही.

नवख्या माणसाची चूक नेमकी इथेच होते. लाटा नाहीत म्हणून ती जागा सुरक्षित समजून तो तिथूनच आत शिरतो. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने जीव तोडून पोहू नका. ओढीपुढे पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. अंग सैल सोडून तरंगा, एक हात वर करून मदत मागा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर, फेसाळ पाण्याच्या दिशेने पोहा. रिप साधारणतः अरुंद असते, तिच्या बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला आत आणतात. लाल बावटा असेल तर कोक्लेसला पाणी गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. जीवरक्षक दिसत नसतील तरी हाच नियम.

गावाला लागून असलेली साल्सा ब्रावा ही लाट फक्त बघण्याची. ती थेट उथळ प्रवाळावर फुटते, आणि तिथे अनुभवी सर्फरही रक्तबंबाळ होऊन बाहेर येतात. 22 एप्रिल 1991 च्या मोठ्या भूकंपात हा किनारा वर उचलला गेला, काही ठिकाणी एक मीटरहून जास्त. बऱ्याच जागी प्रवाळ उघडे पडून मेले. गावाच्या आसपास पाण्याच्या कडेला करवतीसारखे खडबडीत खडक दिसतात ते याच प्रवाळाचे. खाचांमध्ये समुद्री साळिंदर, म्हणजे काळ्या काट्यांचे अर्चिन, बसलेले असतात. रबरी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट घाला. चपला इथे पहिल्याच लाटेला वाहून जातात.

गावाच्या पश्चिमेला प्लाया नेग्रा, काळ्या वाळूचा किनारा. गर्दी कमी, सकाळी चालायला छान. दुपारी मात्र ती वाळू इतकी तापते की अनवाणी चार पावलं टाकणंही कठीण.

पुंता उवा आणि मान्सानियो

एकच दिवस हाताशी असेल तर तो पुंता उवाला द्या. गावापासून सात-आठ किलोमीटर. जंगलाने झाकलेलं भूशिर समुद्रात घुसलं आहे आणि त्याच्या आडोशाला किनारा वळण घेतो, त्यामुळे लाटांचा जोर मोडतो. पाणी शांत असेल तर भूशिराच्या बाजूने प्रवाळाजवळ स्नॉर्केलिंग करता येतं. एक पथ्य पाळा: आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर स्नॉर्केलिंगचे पैसे घालू नका. नद्या-ओढे गाळ आणतात, आणि हाताची बोटंही दिसत नाहीत एवढं पाणी गढुळतं. सकाळी आठ ते दहा ही वेळ उत्तम, त्यानंतर वारा उठून पाणी ढवळायला लागतं.

भूशिरावर चढणारी छोटी पायवाट आहे, वरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. मागच्या ओढ्यात कयाक भाड्याने घेऊन झाडांच्या कमानीखालून जाता येतं. ओढ्याच्या मुखाशी पोहू नका, अशा पाण्यात केमन मगरी असतात.

रस्ता संपतो तिथे मान्सानियो. पुढे 1985 पासून संरक्षित असलेलं गांदोका-मान्सानियो अभयारण्य. गावातून सुटणारी पायवाट भूशिराच्या टोकावरच्या दृश्यापर्यंत अर्ध्या तासात पोहोचते, आणि तेवढीच बहुतेकांना पुरे. पुढे पुंता मोनापर्यंत सुमारे पाच किलोमीटर आहे, पण पावसानंतर चिखल घोट्याच्या वर जातो आणि वाटेला फाटे फुटतात. तिथे स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. या किनाऱ्यावर मान्सानियो नावाचं एक झाडही असतं: छोटं हिरवं सफरचंद वाटावं असं फळ, पण फळ आणि चीक दोन्ही विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडीला फोड येतात. मुलांना आधीच सांगून ठेवा की किनाऱ्यावर पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

काउइताला उलट्या बाजूने जा

काउइता राष्ट्रीय उद्यान पुएर्तो व्हिएहोपासून बसने अर्ध्या तासावर. याला दोन दारं: काउइता गावातलं केली क्रीक आणि हमरस्त्याजवळचं पुएर्तो वार्गास. 1994 साली सरकारने परदेशी पर्यटकांचं शुल्क एकदम वाढवलं, तेव्हा पोटावर पाय येईल म्हणून गावकऱ्यांनी केली क्रीकचं दार ताब्यात घेतलं. तेव्हापासून तिथे ठरावीक तिकीट नाही, ऐपतीप्रमाणे देणगी द्यायची. हातचं राखून देऊ नका. गाव हे उद्यान सरकारच्या बरोबरीने सांभाळतं. पुएर्तो वार्गासला ठरलेलं शुल्क आहे.

तरीही पूर्ण वाट चालायची असेल तर पुएर्तो वार्गासहून आत शिरा आणि केली क्रीकला बाहेर पडा. वाट आठ-नऊ किलोमीटरची, सपाट, थांबत थांबत चार तासांची. सुरुवातीचा दलदलीचा भाग लाकडी फळ्यांच्या उंच वाटेवरून पार होतो, शेवटी पांढऱ्या वाळूचा किनारा येतो, आणि तिथून बाहेर पडलात की समोर गावातली खाणावळ. उलट गेलात तर दमलेले असताना हमरस्त्यावर बसची वाट बघत उभं राहावं लागतं. सकाळी आठच्या आत दाराशी असा. दारं दुपारीच बंद होतात, आणि माकडं-पक्षीही ऊन चढलं की दिसेनासे होतात. मधे पेरेझोसो नावाचा तपकिरी पाण्याचा ओढा लागतो. तो रंग घाणीचा नाही, कुजलेल्या पानांचा. पाणी कमरेपर्यंत चढलं असेल तर मागे फिरा.

वाटेवर झाडाला किंवा कठड्याला न बघता हात टेकू नका. इथे पापणीवर शिंगं असल्यासारखा दिसणारा छोटा पिवळाधमक विषारी साप फांदीवर वेटोळं करून दिवसेंदिवस हलत नाही, आणि लांबून तो एखाद्या फळासारखा दिसतो. स्लॉथ, म्हणजे झाडावर लटकून राहणारा अतिसंथ प्राणी, शोधायचा तर हालचाल शोधू नका, फांदीच्या बेचक्यात अडकलेलं केसाळ गाठोडं शोधा. रॅकून आणि कापुचिन माकडं पिशवीची चेन उघडतात, म्हणून खाऊ बंद डब्यात, पिशवीच्या तळाशी. प्राण्यांना खायला घालणं बेकायदा आहे, आणि एकवार वापराचं प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. उद्यानाच्या हद्दीत स्नॉर्केलिंग फक्त परवानाधारक वाटाड्याबरोबरच करता येतं.

सायकल, ऊन, डास

या रस्त्यावर सायकलच सगळ्यात सोयीची. भाड्याच्या बऱ्याचशा सायकलींना हातात ब्रेक नसतो. पेडल मागे दाबलं की मागचं चाक थांबतं. आपल्याकडची सवय असलेला माणूस ऐन वेळी हँडलवर बोटं शोधत बसतो. दुकानासमोरच दहा वेळा थांबून बघा. खाऱ्या हवेने साखळी गंजते, ती करकरत असेल तर दुसरी सायकल मागा. सीट एवढी उंच हवी की पाय खाली आल्यावर गुडघा किंचितच वाकेल, नाहीतर मान्सानियोहून परतताना मांड्या भरून येतात. रस्ता सपाट पण अरुंद, कडेला जागा नाही, आणि बस-ट्रक जवळून जातात. सूर्य वर्षभर पाच ते सहाच्या दरम्यान मावळतो, पुढे रस्त्यावर दिवे नाहीत. साडेचारला परत फिरा. किनाऱ्यावर सायकल कुलूप घालून लावा आणि पोहताना फोन-पासपोर्ट वाळूवर ठेवू नका. पासपोर्ट खोलीवर, सोबत फक्त प्रत.

उन्हासाठी क्रीमपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट बरा: अंगही वाचतं आणि प्रवाळही. संध्याकाळी वाळूवर बारीक चिलटं चावतात, डेंग्यूचे डासही आहेत. औषध घोट्यांनाही चोळा.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, ज्याला इथले आफ्रो-कॅरिबियन लोक राइस अँड बीन्स म्हणतात, कोकणी जिभेला लगेच पटतो. मागताना ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे नको, असं तिन्ही वेगवेगळं सांगा; नुसतं मांस नको म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते. पाती ही करंजीसारखी दिसणारी वस्तू बहुधा खिम्याची असते, विचारल्याशिवाय घेऊ नका.

भारतीय पासपोर्टला कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा किंवा काही इतर देशांचा वैध व्हिसा असेल तर सवलत मिळू शकते. अटी बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. सान होसेहून बस साडेचार-पाच तास घेते. तिचा रस्ता, हमरस्ता क्रमांक 32, ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून जातो आणि जोराच्या पावसात दरड कोसळून तासन्‌तास बंद पडतो. म्हणून परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या रात्रीच सान होसेला मुक्कामाला या.