दुतोंड्या मारुतीच्या फोटोंतून पुराचं चित्र कसं करावं

इंटरनेटवर सापडलेल्या फोटोंतून कोडने चित्र घडवायचं असेल, तर विषय असा घ्या ज्याचे फोटो असंख्य लोकांनी साधारण एकाच जागेवरून काढलेत. नाशिककरांना तो आयताच मिळालाय: रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गोदेला पूर आला की आपला पहिला प्रश्न असतो, "मारुतीच्या कुठवर आलंय पाणी?" कमरेला, छातीला की गळ्याला, हे ऐकून सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत तर ज्याच्या हातात मोबाइल होता त्याने रामकुंडाकडचा फोटो काढला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे फोटो मी घेत नाही. काढणारा कळत नाही, तारीखही उडालेली असते, आणि जुन्या पुराचा फोटो आजचा म्हणून फिरतो तो वेगळाच. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या परवान्याच्या फोटोंच्या संग्रहापासून सुरुवात करा. फ्लिकर या फोटोंच्या साइटवर 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याची, म्हणजे काही अटींवर फोटो वापरू देणाऱ्या परवान्याची चाळणी लावा. 'एनडी' लिहिलेले फोटो सोडा, त्यांत बदल करून पुढे द्यायला परवानगी नसते. फेसबुकवर कुणाचा चांगला फोटो दिसला तर सरळ मेसेज करून विचारा आणि मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, म्हणजे तारीख-वेळ शाबूत राहते. प्रत्येक फोटोची लिंक, काढणाऱ्याचं नाव, परवाना आणि तारीख एका एक्सेलमध्ये त्याच वेळी टाका. नंतर शोधणं अशक्य होतं.

आता जुळवणी. खरा वेळ इथे जातो आणि तो द्यायलाच हवा. मूर्ती दुतोंडी, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोटो वरवर सारखेच वाटतात. मागची देवळं बघून बाजू ओळखा आणि एकच बाजू धरा. आपोआप जुळवणारी साधनं लाटांवर फसतात, म्हणून मी गिम्प या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये हाताने जुळवते. एक फोटो खाली पक्का ठेवायचा, दुसरा वर अर्धा पारदर्शक करून सरकवायचा. पायाचा चौथरा खूण म्हणून घेऊ नका, पुरात तो दिसतच नाही. डोक्याचं टोक आणि दोन्ही खांदे धरा. मग सगळे फोटो एकाच मापात कापा.

पुढचं काम पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं. तिच्या पिलो या लायब्ररीने फोटो उघडा, नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत एकावर एक रचा. प्रत्येक पिक्सेलची सरासरी काढली तर सगळं धुक्यात विरतं. मला ते आवडत नाही. मध्यक काढून बघा. त्या जागेवरच्या सगळ्या फोटोंतल्या किमती क्रमाने लावून मधली उचलायची, बस. निम्म्याहून कमी फोटोंत जे एका जागी आहे ते गायब होतं. अंघोळीला आलेले, फुलंवाल्या, नारळ फोडणारे सगळे जातात, दगड राहतो. पण फोल्डरमध्ये पुराचे फोटो निम्म्याहून जास्त झाले की मारुतीची कंबरच जाते, तिथे मातकट पाणी येतं. आणि ते होतंच, कारण कोरड्या मार्चमध्ये मारुतीचा फोटो काढतो कोण? म्हणून उन्हाळ्याचे फोटो मुद्दाम शोधावे लागतात. चित्र कसं होणार हे कोडपेक्षा फोल्डर ठरवतं, आणि ते भरताना माझी नजर कामी येते. यातली कला मी तिलाच मानते.

माझा सगळ्यात लाडका प्रकार पट्ट्यांचा. प्रत्येक जुळवलेल्या फोटोतून मारुतीच्या अंगावरून जाणारी ५० पिक्सेल रुंद उभी पट्टी कापा, सगळीकडे एकाच जागेवरून. तारखेप्रमाणे डावीकडून उजवीकडे लावा. खांद्याची रेघ सरळ राहते आणि तिच्याखाली पाण्याची कड चढते, उतरते, पुन्हा चढते. नदीने स्वतःच काढलेला आलेख समोर येतो. पट्ट्यांचे रंग एकसारखे करायचा मोह आवरा. पावसाळी ढगाळ उजेड आणि एप्रिलचं ऊन शेजारी शेजारी दिसलं पाहिजे.

छापताना हिशेब सोपा आहे. ४० फोटोंच्या पट्ट्या म्हणजे २,००० पिक्सेल. इंचाला २०० धरले तर १० इंच रुंदी. फ्लेक्सवर नको, मॅट कागदावर छापा. फोटोग्राफरांची नावं आणि परवाने चित्राखालीच बारीक अक्षरांत द्या. एखादा फोटो 'बाय-एसए' असेल तर तुमचं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं, तेही तिथेच लिहा.