पक्षी दिसत नाहीये, नुसता आवाज येतोय? मग असा ओळखा

पक्षी बघायला दुर्बीण पाहिजेच असं काही नाही, झाडी दाट असली की निम्मे पक्षी दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात. म्हणून कान तयार करा. आणि लगेच जंगलात जायची गरज नाही, आधी घराजवळचे चार-पाच आवाज पक्के करा.

माझं ठाम मत आहे की सुरापेक्षा लय आधी पकडावी. तांबट घ्या. उन्हाळ्यात भर दुपारी टुक टुक टुक, एकाच सुरात, एकाच वेगात, थांबायचं नावच नाही. ओरडताना तो चोच उघडत नाही, गळा फुगवतो आणि मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय तेच कळत नाही. वड-पिंपळाच्या शेंड्याला वाळकी फांदी असेल तर तिथे बघा, बऱ्याचदा तिथेच सापडतो. शिंपी पण एकच शब्द घोकतो पण तो टुविट टुविट असा खणखणीत आणि खालच्या झुडपातून, एवढासा जीव आणि केवढा आवाज, मला अजून नवल वाटतं. भारद्वाजाचं कूप कूप कूप मात्र खोल, घुमणारं.

आवाज चढत जात असेल तर पावशा किंवा कोकीळ. पावशाचं 'पेरते व्हा, पेरते व्हा' दर वेळी आणखी वर जातं, टिपेला पोचून एकदम तुटतं आणि थोड्या वेळानं परत खालून सुरू, पावसाच्या तोंडावर तर रात्रीसुद्धा. कोकीळ कुहू कुहू करतो तो नर, मादीचं नुसतं किक-किक-किक असतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पहाटे उजाडायच्या आधी कोणी सारखी चाल बदलत गोड शिट्ट्या घालत असेल तर बहुतेक दयाळ. कोतवालापासून मात्र सावध, तो शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे शिक्रा ऐकू आला तरी एकदा डोळ्यांनी खात्री करा.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अॅप फुकट आहे, चांगलं आहे, पण आधी स्वतः अंदाज करा मगच ते उघडा, नाहीतर कान शिकतच नाही. आणि प्लीज, अॅपमधले आवाज बाहेर स्पीकरवर वाजवू नका. विणीच्या काळात नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय, आणि तो सगळं सोडून त्याला हाकलायला धावतो. तुलना करायचीच असेल तर इअरफोन लावा.