लहानपणीचं मॉडेल रॉकेट पुन्हा उडवण्याजोगं करताना

जुनं खोकं उघडलं की पहिला हात गोंदाकडे जातो. तो आवरा. आधी सगळे भाग कागदावर मांडून फोटो काढा आणि एकेका भागाकडे बघून ठरवा: हा नुसता दिसायला आहे की ताण सोसायला? दिसणारं शक्यतो जुनंच ठेवायचं, ताण सोसणारं नवं घालायचं. माझं सगळं काम या एका नियमावर चालतं.

खोक्यात जुनं इंजिन सापडलं तर ते पेटवू नका. काळ्या दारूच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या इंजिनाने इतकी वर्षं थंडी-उन्हाळा सोसलेला असतो. त्या चढउतारात दारूला तडे जातात, ती कागदी कवचापासून सुटते. मग पेटल्यावर नको तितकी दारू एकदम जळते आणि इंजिन फुटतं. ते पाण्यात बुडवून ठेवा, कवच मऊ होऊन उलगडलं की टाकून द्या.

आता नळी. चेपलेला भाग घासून सरळ होत नाही. तो धारदार पात्याने कापा आणि आतून जोडनळी बसवून तेवढाच नवा तुकडा जोडा.

खरी मेहनत पंखांची. जुना गोंद ठिसूळ झालेला असतो, हलकं वाकवलं तरी पंख सुटतो. माझ्या रॉकेटच्या एका पंखाच्या मुळाशी लहानपणी मारलेली पेन्सिलीची वाकडी रेघ निघाली. पॉलिश पेपर मी तिच्या अलीकडेच थांबवला. पंख तुटलेला असेल तर नवा कापताना बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) रेषा पुढच्या कडेला समांतर ठेवा, नाहीतर तो पहिल्याच आपटण्यात मोडेल. चिकटवताना सुतारकामाचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून वाळू द्या, मग पुन्हा लावून दाबून धरा. तीन पंख असतील तर नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे तीन सारखे भाग करा, खुणा नेमक्या मिळतात.

नोज कोन, म्हणजे रॉकेटचं टोकदार डोकं, आणि नळी यांना जोडणारं रबर ताणून बघा. बहुधा हातातच तुटतं. नवं लवचीक रबर रॉकेटच्या लांबीच्या दुप्पट तरी असू द्या. पॅराशूटच्या घड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर नवं पॅराशूट करा आणि घडी घालण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरा.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र, पाण्यात घालण्यापूर्वी त्यावर पारदर्शक लॅकर फवारून वाळवा. जुनं डिकल पाण्यात तुकडे-तुकडे होतं. सगळ्यात कमी महत्त्वाच्या डिकलवर आधी करून पाहा.

नवा गोंद आणि रंग शेपटीकडे वजन वाढवतात, म्हणून तोल तपासल्याशिवाय उडवू नका. नवं इंजिन, पॅराशूट घालून रॉकेट बोटावर तोला, त्या जागी दोन-तीन मीटर दोरा बांधून गरागरा फिरवा. टोक पुढे राहिलं तर ठीक. नाहीतर नोज कोनमध्ये थोडी चिकणमाती भरा आणि पुन्हा फिरवा.

पहिल्या उड्डाणाला किटच्या कागदावर सुचवलेल्यांपैकी सर्वांत लहान इंजिन लावा. ए८-३ असेल तर ए हा एकूण जोराचा वर्ग, ८ हा सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि ३ म्हणजे जोर संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. इंजिन आणि पॅराशूटच्या मध्ये न जळणारा वॉडिंग कागद घाला. ठिणगी विजेच्या बटणानेच द्या, निदान ५ मीटर लांब उभे राहून, आणि वाळलेल्या गवतापासून दूर. रॉकेट उतरलं की रंगाआधी रबर तपासा. कुठे काळवंडलं असेल तर पुढच्या उड्डाणाआधी बदला.