गोळ्या आणि समुपदेशन एकत्र सुरू आहे? मग या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगते. प्रॅक्टिस सुरू करून तीनेक वर्षं झाली होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत खाली मेडिकल आणि वर माझी दहा बाय बाराची खोली. डिप्रेशनसाठी पंचविशीतला एक मुलगा यायचा. गोळ्या एका डॉक्टरांच्या, बोलणं माझ्याकडे. सहाव्या भेटीला गडी शिट्टी वाजवतच जिना चढून आला. दोन महिने अंथरूण न सोडणारा हा मुलगा आता पहाटे तीनला उठून रंकाळ्याला फेऱ्या मारत होता आणि काकांच्या जागेत मिसळीचं हॉटेल काढणार होता. म्हणाला, "मॅडम, तीन तास झोप बास झाली बघा मला." आई खूश, मी त्याहून खूश. वहीत लिहिलं, 'उत्तम प्रगती'. चार दिवसांनी त्याच्या भावाचा फोन आला. उसनवारी करून हॉटेलच्या भांड्यांचा इसार देऊन आलाय, कुणी अडवलं की अंगावर येतोय.

डिप्रेशनच्या गोळीनं काही जणांचं मन पार दुसऱ्या टोकाला जातं. आजार मुळात बायपोलर असतो, पण तोवर त्याची फक्त उदास बाजू दिसलेली असते. डॉक्टर त्याला महिन्यातून एकदा पाहायचे, मी दर आठवड्याला पाऊण तास. म्हणजे बदल आधी मलाच दिसणार होता, आणि दिसलाही. मी फोन केला नाही, कारण हे श्रेय आपल्या समुपदेशनाचं आहे असं वाटून मी मनातल्या मनात फुलले होते. एवढं लक्षात ठेवा: झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. दुसरं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

दोन दवाखाने, दोन गोष्टी

पेशंट मला गोळ्यांचं सांगत नाही आणि डॉक्टरांना समुपदेशनाचं सांगत नाही. एकाला कळलं तर दुसऱ्याला राग येईल, अशी काहीतरी समजूत असते. कुणाला मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू असतात, कुणी नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा धरलेली असते. वाडीला जाण्याला माझी ना नाही. पण बाहेरचं काढायला कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या असतील तर ते मला कळायलाच हवं.

उपाय साधा आहे. पहिल्याच भेटीला डॉक्टरांची चिठ्ठी आणा. एका कागदावर गोळीचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख आणि डोस बदलल्याची तारीख लिहा, आणि तोच कागद दोन्हीकडे दाखवा. आपसात बोलायची परवानगी आम्हा दोघांना द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे तुमची माहिती गोपनीय ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, म्हणून विचारावं लागतं. सासूशी काय बोलणं झालं ते मी डॉक्टरांना सांगत नाही. झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आणि गोळी नियमित आहे का, एवढंच बोलते.

"तेवढं गोळ्यांचं काढा की ओ"

हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. बोलून बरं होत असेल तर गोळ्या कशाला? तालमीत घडलेल्या घरांत तर गोळी म्हणजे कमकुवतपणाच. सौम्य डिप्रेशन किंवा साधी चिंता असेल तर नुसत्या बोलण्यानं भागतं, हे खरं आहे. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये मात्र गोळी आधी, बोलणं तिच्या जोडीला. मधल्या मोठ्या पट्ट्यात दोन्ही मिळून काम होतं. किशोरवयीन मुलांच्या डिप्रेशनवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 439 मुलं होती. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन, दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के मुलांना चांगला फरक पडला. नुसत्या गोळीनं 61, नुसत्या सीबीटीनं 43 आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीनं 35 टक्के. हा शेवटचा आकडाही जरा बघून ठेवा. कुणीतरी नियमित नीट विचारपूस करतंय, याचाही गुण येतोच.

आणखी एक. थकवा, सुस्ती, उदासी घेऊन आलेल्या बाईचं थायरॉइड तपासल्याशिवाय नुसत्या गप्पा मारत बसू नये.

पाचव्या दिवशी सोडलेली गोळी

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्यांचा त्रास आधी होतो, गुण नंतर येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी उलट घालमेल वाढते. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे जातात, नीट अंदाज यायला सहा. ओसीडीत, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारात, तर आठ ते बारा. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, मग पाचव्या दिवशी पाकीट कपाटात जातं आणि 'आम्हाला गोळ्या सोसत नाहीत' ही घरची कायमची समजूत होऊन बसते. पंचविशीच्या आतल्या मुलांवर मात्र या सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा फोन चालू असतो.

दुसरी गफलत बरं वाटल्यावर होते. पहिल्यांदाच डिप्रेशन आलेल्या माणसानं बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी घ्यायची असते आणि नंतर डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवायची असते. एकदम सोडली की गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. लोक म्हणतात, सवय लागली. तसं नाही. शरीर रुळलेलं असतं, त्याला उतरायला वेळ द्यावा लागतो.

आमच्याकडे श्रावण आणि नवरात्रात ठरलेलं असतं: उपवास, म्हणून गोळी नाही. रिकाम्या पोटी त्रास होत असेल तर डॉक्टरांना वेळ बदलून मागा, ते देतात. आणि गटारीला 'आज दारू आहे, म्हणून आज गोळी नको' हा हिशेब तर मला अजून उलगडलेला नाही. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाहीत.

बायपोलरसाठी लिथियमची गोळी घेणाऱ्यांनी गुडघा किंवा खांदा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नये. रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. लिथियमची पातळी तपासायचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फसवा येतो.

खिशातली गोळी

एका गृहस्थांना एसटीनं घाट उतरताना छातीत धडधडायचं, आता मरतो असं वाटायचं. माहेरचं लग्न म्हणून बायको रत्नागिरीला, आणि हे दोन वर्षं आंबा घाटाच्या अलीकडेच. आम्ही पायऱ्या पाडल्या. आधी स्टँडवर उभ्या गाडीत बसायचं, मग पन्हाळा, मग मलकापूर, मग आंबा. पन्हाळ्यापर्यंत छान जमलं, पुढे गाडी अडली. तीन आठवड्यांनी कळलं की दर प्रवासाआधी ते अल्प्राझोलाम ही घबराट लगेच उतरवणारी गोळी घ्यायचे आणि घेतली नाही तरी खिशात ठेवायचे. भीती चढते आणि आपोआप उतरते, हे मनाला कळायलाच हवं होतं. गोळीनं ते कळूच दिलं नाही. सगळं श्रेय खिशाला.

ही गोळी वाईट नाही. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती कामाची आहे. पण महिनोन्‌महिने घेतली तर तिची खरोखर सवय लागते आणि अचानक तोडली तर झटके येऊ शकतात. म्हणून ती मी बंद केली नाही, तो माझा अधिकारच नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दीड महिन्यात उतरवली आणि मग आम्ही पुन्हा मलकापूरपासून सुरुवात केली.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना इथेच सांगते. मानसशास्त्रात एम.ए. झालं की 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असा बोर्ड लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. औषध आम्ही कुणीच लिहून देत नाही. पण औषधांचा अभ्यास करावाच लागतो. "मॅडम, अर्धी करू का?" असं पेशंट डॉक्टरांना नाही, तुम्हालाच विचारणार. माझं उत्तर ठरलेलं आहे, "थांबा, इथूनच फोन लावूया." स्पीकरवर टाकते. पेशंटच बोलतो, मी शेजारी बसून ऐकते.