जुन्या प्रवासी जहाजाचा सर्वेक्षण अहवाल कसा वाचावा

जुन्या प्रवासी जहाजाचा सर्वेक्षण अहवाल हाती आला, की त्यातील एकूण खर्च आधी पाहिला जातो, आणि तो आकडा डोळे फिरवणारा असल्यामुळे निर्णयच लांबणीवर पडतो. म्हणून वाचनाची सुरुवात खर्चापासून न करता पाण्यापासून, म्हणजे ते आत कुठून शिरू शकते यापासून करावी.

अटलांटिक महासागरात 1936 पासून प्रवासी वाहतूक करणारे ‘क्वीन मेरी’ हे जहाज 1967 पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे उभे असून त्यावर हॉटेल आणि संग्रहालय चालते. आंतरराष्ट्रीय सफरीवरील प्रवासी जहाजाच्या तळाची पाहणी दरवर्षी व्हावी लागते आणि पाच वर्षांत किमान दोनदा ती सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत जहाज ठेवून करावी लागते. कायमच्या नांगरलेल्या जहाजामागे असा दट्ट्या राहत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत अहवालाचे मोल अधिक असते.

प्रथम पत्र्याच्या जाडीचे तक्ते पाहावेत. मूळ जाडी किती होती, आज किती उरली आहे आणि मोजणी नेमकी कुठे केली, हे तिन्ही तपशील हवेत. पाण्याच्या रेषेजवळचा, आलटून पालटून ओला-कोरडा होणारा पत्रा, तळात पाणी साचून राहणाऱ्या जागा आणि लाकडी आच्छादनामागचे कोपरे येथे गंज लपलेला असतो. जे कप्पे उघडलेच नाहीत, त्यांची स्वतंत्र यादी करून ते उघडण्याची तारीख लगेच ठरवावी. न पाहिलेला भाग सुस्थितीत आहे असे कधीही गृहीत धरू नये.

त्यानंतर कामांची क्रमवारी लावावी. ज्या दुरुस्तीने पाणी आत येणे थांबते, आलेले पाणी बाहेर काढता येते आणि ते शिरल्याची सूचना वेळेवर मिळते, ती कामे आधी करावीत. गालिचे, रंग, दिवे यांचा विचार नंतर करावा, मग पर्यटकांना तेच दिसत असले तरी चालेल.

2017 मध्ये समोर आलेल्या अहवालात ‘क्वीन मेरी’साठी 23.5 ते 28.9 कोटी डॉलर दुरुस्ती खर्चाचा अंदाज होता. जहाज शहराच्या मालकीचे, पण देखभालीची जबाबदारी भाडेपट्ट्याने ते चालवणाऱ्या कंपनीची, अशी तेथील व्यवस्था होती. 2021 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि रखडलेल्या कामांचा भार शहरावर येऊन पडला. माझ्या मते खरी गाठ येथेच आहे. म्हणून प्रत्येक कामापुढे पैसे कोण देणार, काम कधीपर्यंत होणार आणि त्याची तपासणी कोण करणार हे लिहून घ्यावे. चालक बदलला तर काम कोणाकडे जाईल, हेही करारातच नमूद असावे.

शहराने पुढे तातडीच्या दुरुस्तीत पाणी उपसणारे पंप, आणीबाणीचा जनित्र आणि पाणी शिरल्याचा इशारा देणारी यंत्रणा यांना स्थान दिले. बाजूच्या पत्र्यावर ताण आणणाऱ्या जीर्ण जीवरक्षक नौकाही 2022 मध्ये उतरवण्यात आल्या. जहाजाची ओळख बनलेल्या वस्तू काढताना मन जड होते, तरीही पत्र्यावरचे ओझे कमी करणे हीसुद्धा दुरुस्तीच आहे, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती लांबली, तर जुना अंदाज तसाच पुढे वापरू नये. दरम्यान गंज पुढे सरकलेला असतो आणि पोलाद व मजुरीचे दरही बदललेले असतात. त्यामुळे पूर्वीच्याच खुणांवर जाडी पुन्हा मोजावी, दोन्ही नोंदी शेजारी मांडाव्यात आणि जेथे फरक सर्वाधिक आढळेल तेथून काम हाती घ्यावे.