शहाळं, ओआरएस आणि नुसतं पाणी: उन्हाळ्यात या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत पारा विदर्भाइतका चढत नाही, पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. तो नुसता निथळत राहतो. पाणी जातं, मीठ जातं, अंग मात्र तापलेलंच.

रक्तातलं सोडियम शरीर लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल इतक्याच पट्ट्यात राखतं. ते वाढलं की तहान लागते आणि एडीएच हे संप्रेरक मूत्रपिंडाकडून पाणी राखून ठेवतं. अंगातलं पाणी-मीठ दोन्ही घटलं की अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक मीठ अडवतं.

रबाळे-महापेत भट्टीजवळ शिफ्ट करणारे किंवा पाम बीच रोडवर लांब पल्ल्याचं धावणारे बाटल्यांवर बाटल्या साधं पाणी पितात. लांबलेल्या श्रमात एडीएच चढलेलंच राहतं, जादा पाणी लघवीवाटे निघत नाही आणि सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळतो, आकडीही येते. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून त्याला आणखी पाणी पाजतात. ही सगळ्यात घातक चूक. तहानेप्रमाणे प्या, सोबत मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्या. बरळणाऱ्याला थेट रुग्णालयात न्या.

जुलाबात सर्वाधिक गडबड होते ती ओआरएस कालवताना. साधारण 21 ग्रॅमची पुडी पूर्ण 1 लिटर पाण्यासाठी असते. 200 मिलीची छोटी पुडी वेगळी. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात टाकली, तर दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं, जुलाब वाढतात आणि लहान मुलाचं सोडियम धोकादायक चढतं. अर्धी पुडी अंदाजाने काढू नका. वरून साखरही नको: पुडीतलं ग्लुकोज चवीसाठी नसतं, आतड्यातून सोडियम आत नेण्यासाठी मोजूनच घातलेलं असतं. कालवलेलं 24 तासांत संपवा, उरलेलं ओता. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 5 मिलीच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाळाने उलटी केली तर 10 मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने पाजा.

शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. ओआरएसची जागा ते घेत नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये.

घरातल्या आजी-आजोबांना लघवीची (अंगातलं पाणी-मीठ बाहेर काढणारी) गोळी चालू असेल, तर जुलाब लागलेल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.